आजोबांच्या फार्गोची लाकडी खोली उतरवू नका

ऐरोलीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुरबाडजवळच्या गावी, गोठ्याशेजारच्या पडवीत आजोबांचा एक जुना फार्गो ट्रक तीसेक वर्षं उभा आहे. नाक ट्रकचं, पण मागे हौद्याच्या जागी लाकडाची बंद खोली, बाहेरून पत्रा मारलेली. आजोबा ही गाडी घेऊन म्हशाच्या आणि इतर जत्रांना तंबूचा सिनेमा दाखवायला जायचे. आता एका गॅरेजवाल्याने सल्ला दिला आहे: मागची पेटी उतरवून भंगारात द्या, चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, आखूड करा, छोटा हौदा बसवून पिकअप करा आणि चकचकीत रंग मारा, म्हणजे व्हिंटेज म्हणून चांगली किंमत येईल. हे करावं का, आणि व्हिंटेज गाड्यांना मिळतो तो व्हीए नंबर मिळेल का?

करू नका. ती पेटी उतरवलीत तर तुमच्याकडे एक साधा जुना ट्रक उरेल, आणि तोही कापलेला. फार्गो अजूनही सापडतात. तुमच्या मागच्या खोलीसारखी खोली मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये ३४ वर्षं गाड्यांच्या बॉड्या बांधताना एकदाही पाहिलेली नाही.

तुम्ही पाठवलेले फोटो मी रात्री मोठ्या स्क्रीनवर उघडून पाहिले. मागच्या भिंतीला दोन चौकोनी भोकं आहेत, त्यांना तुम्ही ‘हवेची भोकं’ म्हटलं आहे. नीट बघा, दोन्ही भोकं सारखी नाहीत. मोठं भोक कमरेच्या थोडं वर आहे, लहान भोक त्याच्या बाजूला आणि वीतभर उंच. मोठ्यातून प्रोजेक्टरचा झोत बाहेर पडायचा, लहानाला डोळा लावून ऑपरेटर पडद्यावरचं चित्र सांभाळायचा. दोन्हींच्या कडेला उभ्या खाचा आहेत. त्या खाचांत पत्र्याची झडप बसायची, आणि आत आग लागली की दोरी सोडून ती खाली पाडायची. तेव्हाच्या फिल्मला आग लागणं ही नेहमीची भीती होती. १९५० च्या आसपासपर्यंत सिनेमाची फिल्म नायट्रेटची असायची आणि एकदा पेटलेली नायट्रेट फिल्म पाण्यातसुद्धा जळत राहते. खोली आतून पत्र्याने मढवली आहे ती याच कारणाने. तुमच्याकडे आहे ती चाकांवरची प्रोजेक्शन केबिन आहे. तंबूच्या एका टोकाला ट्रक मागे घेऊन लावायचा, दुसऱ्या टोकाला पडदा, आणि मधल्या मातीत सगळं गाव.

मी हे इतक्या आग्रहाने सांगतोय त्याला कारण आहे. १९९० च्या दशकात माझ्याकडे अलिबागकडून एक फोर्ड आली होती. मागे सागवानी शिकार-बॉडी, म्हणजे उघड्या बाकांची, वर कनातीचं छप्पर. मालकाला ती ‘कंपनीसारखी’ हवी होती. मी ती बॉडी करवतीने कापली. कापताना लाकडाच्या सांध्यांवर पटाशीने कोरलेल्या छोट्या रेघा दिसल्या, एक, दोन, तीन, चार, काही तिरक्या. मला वाटलं सुताराने माप टाकलं असेल. लाकूड बंबात गेलं. पाच-सहा वर्षांनी कल्याणच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे, ज्यांनी तरुणपणी गाड्यांच्या बॉड्या बांधल्या होत्या, मी हे सहज बोललो. ते गप्प झाले. मग म्हणाले, ‘‘अरे, ते नंबर होते. बॉडी खाली सोडवून परत जोडायची असेल तर कुठला तुकडा कशाला लागतो, त्याचे. तुला नुसत्या खुंट्या ठोकून काढायच्या होत्या.’’ एका संध्याकाळच्या कामासाठी मी ती बॉडी कायमची घालवली. ती फोर्ड आजही कुठेतरी असेल, छान रंगवलेली, आणि तिच्याकडे बघून तिची काहीच कहाणी कळणार नाही.

‘कंपनीसारखी करा’ या सल्ल्यात मुळातच एक चूक आहे. जुन्या काळी, आणि ट्रकच्या बाबतीत बऱ्याच अंशी आजही, कंपनी पूर्ण गाडी देतच नव्हती. इंजिन, गिअरबॉक्स, चाकं आणि पुढचं नाक असलेली चॅसी मिळायची, बाकीचं बॉडी बांधणारा करायचा. मुंब्रा बायपासवर नुसत्या चॅसीवर खोका ठेवून, गॉगल लावून, तोंडाला फडकं गुंडाळून गाडी हाकणारे ड्रायव्हर तुम्ही पाहिले असतील. कळंबोलीकडे बॉडी बांधायला निघालेल्या त्या गाड्या. रोल्स-रॉईससुद्धा दुसऱ्या महायुद्धापर्यंत चॅसीच विकायची आणि हूपर, बार्कर, थ्रप अँड मेबरली अशा कारखान्यांत गिऱ्हाईक हवी तशी बॉडी बांधून घ्यायचं. म्हणून तर जगातल्या सगळ्यात विचित्र गाड्या त्या काळात झाल्या. कोटा संस्थानच्या महाराव उमेदसिंहांनी १९२५ च्या रोल्स-रॉईसवर बार्करकडून वाघाच्या शिकारीसाठी बॉडी बांधून घेतली, सर्चलाइट आणि शस्त्रं बसवायच्या सोयीसकट. कलकत्त्याच्या रॉबर्ट मॅथ्यूसन यांनी तर १९१० मध्ये इंग्लंडच्या ब्रुक कंपनीकडून हंसाच्या आकाराची मोटार करून घेतली होती. हंसाचे डोळे विजेच्या दिव्यांनी चमकायचे, चोचीतून वाफेचा फवारा उडायचा, मागून रस्त्यावर चुन्याची निवळी पडायची. गर्दी आवरेना म्हणून पोलिसांना मध्ये पडावं लागलं. पुढे ती नाभा संस्थानाकडे गेली आणि आज नेदरलँड्समधल्या द हेग शहरात लाउमन संग्रहालयात आहे. तिथे कुणीही तो हंस उतरवून साधी ब्रुक बनवा असं म्हणत नाही.

राजेरजवाड्यांच्या गाड्या सगळ्यांना माहीत असतात. मला स्वतःला तुमच्या गाडीसारख्या, गरजेतून जन्मलेल्या गाड्या जास्त जवळच्या वाटतात. आपल्या ठाणे जिल्ह्यात त्यांना मोठा इतिहास आहे. आजचं उल्हासनगर म्हणजे महायुद्धातली लष्करी छावणी, म्हणून आजही लोक कॅम्प एक, कॅम्प तीन म्हणतात. युद्ध संपल्यावर देशभर लष्कराच्या जीप, डॉज, शेवरलेट, फोर्ड लिलावात निघाल्या. डिस्पोजलच्या गाड्या म्हणायचे त्यांना. कुणी त्यावर प्रवासी बॉडी बांधली, कुणी पाण्याची टाकी बसवली, कुणी जीपला लांब करून वडाप चालवलं. युद्धाच्या काळात पेट्रोलचं रेशनिंग असताना मोटारींच्या मागे कोळशाची भट्टी लावून त्या गॅसवर इंजिन चालवायचे. मी दोन जुन्या गाड्यांच्या मागच्या बाजूला चॅसीवर असे जड क्लॅम्प पाहिलेत ज्यांचा दुसरा काही उपयोग सुचत नाही. १ जून १९४८ ला पुणे-नगर धावलेली पहिली एसटीही बेडफर्डच्या चॅसीवर लाकडी बॉडी बांधलेली होती. त्या पिढीच्या सुतारांनी इंजिनिअरिंगचं पुस्तक उघडलं नव्हतं, पण खड्ड्यातून जाताना लाकडी चौकट कुठे वाकली पाहिजे आणि कुठे नाही, हे त्यांना हातात कळत होतं.

फार्गो हे नाव क्रायस्लरचं. अंगाने तो डॉजच. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लरशी करार करून डॉज आणि फार्गोचे ट्रक जोडायला सुरुवात केली, आणि तुमचा ट्रक तिथून बाहेर पडलेला असण्याची शक्यता मोठी आहे. ते नक्की करता येईल. चॅसीचा नंबर पुढच्या भागात दांड्यावर ठोकलेला असतो. गंज आणि ग्रीसखाली दडला असेल तर डिझेल आणि पितळी ब्रशने साफ करा. ग्राइंडर अजिबात लावू नका, कारण एकदा आकडे पुसले गेले की आरटीओत तुम्ही कायमचे अडकता. मूळ साइड व्हॉल्व्ह पेट्रोल इंजिन असेल तर त्याचा नंबर ब्लॉकच्या डाव्या अंगाला, पुढच्या टोकाशी सापडेल. तिथे भलतंच इंजिन दिसलं तर दचकू नका. पेट्रोल महागलं तेव्हा असंख्य ट्रकमालकांनी सहा सिलिंडरचं पर्किन्स डिझेल बसवून घेतलं होतं. तो बदलही आता त्या गाडीचा इतिहास झाला आहे, पण कागदावर त्याची नोंद हवी.

लाकडाकडे हात लावण्याआधी एक काम करा. खोलीच्या आतल्या बाजूने, जिथे उभे खांब खालच्या आडव्या तुळईत घुसतात तिथे टॉर्च आडवा धरून बघा. सरळ प्रकाशात काही दिसणार नाही, आडव्या प्रकाशात पटाशीच्या रेघा उठून दिसतात. सापडल्या तर प्रत्येक सांध्याचा फोटो काढा, खडूने त्याच्या शेजारी क्रमांक लिहा. लाकूड सडतं ते नेहमी खालून. वरचे खांब खणखणीत असतात आणि खालची तुळई स्क्रू ड्रायव्हर टोचला की केकसारखी आत जाते, कारण पाणी पत्र्याच्या आतून उतरून तिथेच साठतं. जेवढं सडलं असेल तेवढंच कापायचं आणि जुन्या सागवानाचा तुकडा तिरका सांधा करून जोडायचा. मुंबईत जुनी घरं पाडली की चांगलं मुरलेलं सागवान मिळतं, मी तेच वापरतो. नवं लाकूड कोरडं नसतं, एका पावसाळ्यात सांधा उघडतो.

बॉडी चॅसीला यू-बोल्टने आवळलेली असेल, मध्ये रबर किंवा गोणपाटाचं पॅकिंग. ते कुजलं असेल तर नवं घाला, पण बोल्ट बसत नाही म्हणून चॅसीला नवीन भोक पाडू नका. त्यातही आडव्या पट्टीला, जिला आम्ही फ्लँज म्हणतो, तिला तर कधीच नाही. ओझ्याचा सगळा ताण तिथेच असतो आणि त्या भोकातूनच पुढे चॅसीला चीर जाते. चॅसी आखूड करण्याच्या सल्ल्यावर मला राग आला तो यामुळेही. सत्तर वर्षांच्या लोखंडाला कापून वेल्डिंग करणं, आणि मग त्यात माणसं बसवणं, हे काम कुठलाही जबाबदार बॉडीवाला हातात घेणार नाही.

आतल्या पत्र्यामागे राखाडी पुठ्ठ्यासारखा थर दिसला तर तिथे थांबा. आगीपासून संरक्षण म्हणून तेव्हा ॲस्बेस्टॉस सर्रास लावायचे. तो फोडला, खरवडला की त्याची धूळ फुप्फुसात जाते आणि परत येत नाही. मुलांना त्या खोलीत खेळू देऊ नका. तो थर काढायचाच झाला तर हे काम जाणणाऱ्या माणसाकडून, भिजवून, मास्क लावून. बहुतेकदा तो तसाच पत्र्याने बंद ठेवणं बरं.

बाहेरच्या पत्र्यावर निळ्या रंगाचे पोपडे आलेत, त्याखाली लाल दिसतोय. दरवाजाशेजारी हाताच्या पंजाएवढा भाग निवडा, सहाशे नंबरचा पाणपेपर साबणाच्या पाण्यात भिजवून गोल गोल हलक्या हाताने घासा. मधोमध जास्त, कडेला कमी. झाडाच्या खोडासारखी वर्तुळं उघडी होतात आणि एकाखाली एक सगळे रंग मोजता येतात. तुमच्या चौथ्या फोटोत निळ्या रंगाखाली एक वळण दिसतंय. मला ते अक्षराची वेलांटी वाटते. कंपनीचं, म्हणजे तंबूचं नाव तिथे असणार. ते मिळालं तर रंगाचं काम तिथेच संपलं समजा. नाव उघडं ठेवायचं, वर पातळ वॉर्निशचा हात द्यायचा, आणि बाकी पत्र्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून आरसा करायचा मोह टाळायचा. जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, फिवाने, ट्युरिन चार्टर नावाचा दस्तऐवज स्वीकारला आहे. त्याचा गाभा हाच आहे: आधी जपा, मग जेवढं अटळ असेल तेवढंच दुरुस्त करा, आणि गाडीच्या आयुष्यात त्या काळी झालेले बदल हा तिच्या इतिहासाचा भाग धरा. मला तो दस्तऐवज उशिरा माहीत झाला. आधी माहीत असता तर ती फोर्ड वाचली असती.

आता व्हीए नंबर. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र तरतूद आली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेली दुचाकी किंवा चारचाकी, खासगी वापराची, आणि जिच्या चॅसीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नाही अशी. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांनी परत नोंदणी करताना ५,०००. नंबरात राज्याच्या कोडनंतर व्हीए येतं. जिची जुनी नोंदणी आहे तिला जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच.

तुमची अडचण वय नाही. ट्रक व्यावसायिक वाहन म्हणून नोंदलेला असणार, आणि नियम खासगी गाड्यांचा आहे. यावर पिकअप करणं हा उपाय मुळीच नाही, कारण तेव्हा चॅसी आणि बॉडी दोन्ही बदलली म्हणून नियमातूनच बाहेर पडाल. वर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. म्हणून रंगाच्या, इंजिनाच्या आधी कागद शोधा. आजोबांच्या ट्रंकेत जुनं नोंदणी पुस्तक असेल तर त्यात ‘बॉडीचा प्रकार’ अशी जागा असते. तिथे सुरुवातीपासून बंद किंवा सिनेमाची व्हॅन असं लिहिलेलं निघालं तर ही लाकडी खोलीच गाडीची मूळ बॉडी आहे, हे तुम्ही अधिकाऱ्यासमोर पुराव्याने मांडू शकता. पुस्तक नसेल तर जिथे नोंदणी झाली त्या आरटीओत बी रजिस्टरचा, म्हणजे त्यांच्याकडच्या नोंदणीच्या वहीचा, उतारा मागा. दुसरा धागा तंबूच्या परवान्याचा. फिरत्या सिनेमाला मुंबई सिनेमा विनियमन कायदा, १९५३ प्रमाणे परवाना लागायचा, त्याच्या पावत्या, शिक्क्याचे कागद घरात कुठेतरी असतात. गाडी अजून आजोबांच्याच नावावर असेल तर वारसाच्या नावे करायला फॉर्म ३१ लागतो, एजंटच्या म्हणण्यावर फॉर्म ३० भरू नका, तो विक्रीचा. कागदाचा निकाल लागेपर्यंत गाडी स्वतःच्या चाकांवर रस्त्यावर आणू नका. लो-बेड ट्रेलर करा, आणि मुरबाड-कल्याण रस्त्याने पहाटे आणा.

ट्रेलरवर चढवण्यासाठी चाकं फिरायला हवीत, म्हणून एक बारीक गोष्ट. जुन्या डॉज-फार्गोच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट बहुधा उलट्या आट्यांचे असतात. बोल्टच्या तोंडावर एल अक्षर ठोकलेलं असतं. हे माहीत नसलेला माणूस पाइप लावून जोर करतो आणि बोल्ट तुटतो, मग दोष गंजाला देतात. इंजिनाला सेल्फ किंवा बॅटरी लावायची घाई नको. सगळे प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये अर्धा कप ऑइल-डिझेल मिसळून सोडा, आठवडाभर मुरू द्या, मग हँडलने हळू फिरतंय का बघा. नाही फिरलं तर परत आठवडा. बॅटरी लावाल तेव्हा आधी तपासा, त्या काळच्या क्रायस्लरच्या गाड्या सहा व्होल्टच्या आणि अर्थ पॉझिटिव्ह असायच्या. आजच्या सवयीने निगेटिव्ह चॅसीला जोडलीत तर वायरिंग आणि जनरेटर दोन्ही जाऊ शकतात.

खर्चाचं विचारलं आहे. तुळई बदलणं, पत्रा, पॅकिंग, छत पाणीबंद करणं एवढं मी दोन सुतारांकडून चार महिन्यांत करून देऊ शकतो, गाडी आधी बघून. इंजिनाचा आकडा उघडल्याशिवाय कुणीही सांगितला तरी विश्वास ठेवू नका.

शेवटी फोटो नंबर नऊ. मागच्या खोलीच्या आत, ड्रायव्हरच्या पाठीमागच्या भिंतीला खाली एक लांब फळी आहे, तिला कुलूप. किल्ली हरवली म्हणून तुम्ही ते तोडणार आहात असं लिहिलंय. थांबा. त्या फळीमागे फिल्मचे डबे ठेवायची जागा असावी. आत प्रोजेक्टरच्या दिव्याच्या कार्बनच्या कांड्या, सुटे लेन्स असतील तर उत्तमच. पण फिल्मचे डबे निघाले तर डबा तिथे उघडू नका, हलवू नका, बॅटरी, विडी, ग्राइंडर काहीही जवळ नको. जुनी नायट्रेट फिल्म कुजली की चिकट होते, तपकिरी भुकटी होते आणि उन्हाळ्याच्या उष्णतेत आपली आपण पेटू शकते. बहुतेक ती साधी फिल्म असेल किंवा फडताळ रिकामं असेल. तरीही पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आधी कळवा, त्यांची माणसं हे काम जाणतात. पडवीत दुपारी पत्रा तापतो, तेव्हा तोपर्यंत त्या बाजूला ओलं गोणपाट टांगून ठेवा. मी पुढच्या रविवारी सकाळी येतो, कुलूप आपण मिळून काढू.